कलेजीचा वाटेकरी

जंगू नजरेत भरावा असा माणूस नव्हता. बुटका, काटक, डोक्याला मळका पंचा, आणि चालताना उजवा हात बरगडीखाली धरायची सवय. पण धानोऱ्याच्या पलीकडच्या रानात बाहेरून जो कोणी यायचा, मग तो रेंजर असो, तेंदूपत्त्याचा ठेकेदार असो की माझ्यासारखा देवी टोचणारा, त्याला आधी जंगूचं घर विचारावं लागे. कोहकाटोल्यात धड मराठी येणारा तो एकटा. ब्रह्मपुरीच्या एका धानगिरणीत पाच वर्षं पोती उचलता उचलता ती तो शिकला होता, त्यामुळे ती आम्हा झाडीपट्टीवाल्यांसारखीच होती.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली ही नुसती तहसील. माझी गोंडी म्हणजे हात पुढे कर, हलू नको, रडू नको, एवढीच. बाकीचं सगळं जंगू बोलायचा, आणि समोरचा जे बोलला असेल तेच बोलायचा. एकदा एक म्हातारा काही केल्या हात पुढे करेना, तेव्हा मी वैतागून पुटपुटलो, "याच्या डोक्यात भुसा भरला आहे का?" जंगूनं मान हलवली आणि तेही गोंडीत सांगून टाकलं. म्हातारा उठला, नातवंडांना घेऊन चालू लागला, आणि त्या घरातून मला हात हलवत परत यावं लागलं. वाटेत मी त्याच्यावर खेकसलो, "ते काऊन सांगितलंस?"

"तुमी बोललात ना? मंग. मी मधात आपलं काही टाकू लागलो, तर तुमचं कोनतं अन् माहं कोनतं, हे लोकायले कसं समजन?"

मी आठवडाभर त्याच्याशी धड बोललो नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. मला चहा मात्र त्याच्याच घरी मिळायचा, गुळाचा, आणि त्याची बायको नीलाबाई तो देताना माझ्याकडे बघून तोंड दाबून हसायची. भुशाची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात डॉक्टर टेंबेकर आला. हिवतापावर काम करायला शहरातून आलेला, पुण्याकडचा, तिशीतला, जाड चष्म्याचा हसरा माणूस. मला तो आवडला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही, आणि वाचणाऱ्याला वाटेल की शिकलेल्या माणसांशी माझं वाकडंच आहे. थोडं आहे. पण टेंबेकर गावाबाहेर तंबू ठोकून राहिला, जमिनीवर बसून लोकांबरोबर जेवला, आणि पोरांच्या पोटाला हात लावायच्या आधी आपले हात शेकोटीवर ऊन करून घ्यायचा. इतका विचार करणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता.

पोरांना रांगेत उभं करून तो डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, चाचपायचा आणि उजव्या बाजूला यकृत. मग कडू गोळ्या. पोरं थुंकायची, आया लपवायच्या, आणि जंगू घरोघर जाऊन डॉक्टर काय म्हणतो ते सांगायचा. गावातल्या सोमारीची मुलगी तापानं चिंधीसारखी पडून होती. गोळ्या सुरू झाल्यावर ती उठली आणि कोंबड्यांमागे धावू लागली. तिला धावताना सगळ्या गावानं पाहिलं, आणि मग गोळ्या थुंकणं बंद झालं.

त्यानंतर पारध झाली. डॉक्टर हौसेनं बरोबर गेला, मीही गेलो. सोमारीच्या नवऱ्याच्या, चैतूच्या बाणानं रानडुक्कर पडलं. आता, त्या गावात शिकारीची कलेजी घरी जात नसे. रानातच निखाऱ्यावर भाजायची, पळसाच्या पानावर तुकडे करायचे, आणि बाणवाला ज्याला देईल त्यानंच खायचे. ज्यांनी एका कलेजीतलं खाल्लं त्यांनी एकमेकांशी दगा करायचा नाही. जो करील त्याची कलेजी आतून फुगते, पोट पुढे येतं आणि सगळ्या गावाला कळतं, अशी तिथली समजूत. जंगूला दर पारधीला तुकडा मिळायचा, मला कधी कोणी दिला नव्हता. भुशाचं प्रकरण, दुसरं काय.

चैतूनं पान डॉक्टरपुढे धरलं. जंगूनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, दगा केला तर काय होतं तेही. डॉक्टर हसला, म्हणाला, "वा, हा तर मोठा मान झाला," आणि तुकडा मीठ लावून खाल्ला. त्याच्या घरी अंडंही शिजत नसावं. लोक खूश झाले. डॉक्टरला तो पाहुणचार वाटला आणि गावाला ती शपथ वाटली. एकाच पानावरचं दोघांनी खाल्लं, आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टी समजून उठले.

परत येताना जंगूनं त्याला विचारलं, "डाक्टरसाहेब, ताप समद्यायले येते. मंग मोठ्या मानसायमंधी माहंच पोट इतकं काऊन फुगलं?" ते खरं होतं. त्याची उजवी बाजू वर्षभरापासून वाढत होती, आणि अलीकडे गावात त्याच्या पोटाकडे बघणंही वाढलं होतं.

टेंबेकरनं चालता चालता फार सोपं करून सांगितलं. आतड्यांतून आणि पानथरीतून निघालेलं रक्त यकृतातून जातं. तिथं रक्ताच्या बारीक वाटांच्या काठाला काही पेशी चिकटून बसलेल्या असतात. रक्तातून जंतू आला, मोडलेली तांबडी पेशी आली, की त्या पकडतात आणि गिळतात. हिवतापाचा जंतू रक्त खाऊन मागे काळा कचरा टाकतो, तोही त्याच गिळतात. ताप पुन्हा पुन्हा आला की त्या फुगतात, त्यांची गर्दी होते, आणि यकृत बरगडीखालून बाहेर डोकावतं.

"म्हंजे नाक्यावरचा नाकेदार," जंगू म्हणाला. "जाईन त्या गाडीतून खाते. फुगनारच."

डॉक्टर मोठ्यानं हसला. "हा इमानी नाकेदार आहे रे. तुझ्या वाटचं विष खातो. आता तुझंच का फुगलं म्हणशील, तर हे लोक जन्मापासून याच तापात वाढले, त्यांच्या अंगाला त्याची ओळख आहे. तू पाच वर्षं बाहेर राहिलास. शरीर ती ओळख विसरलं. परत आलास आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं." मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "त्यांच्या पेशी आणि तुझ्या पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहायला मिळाल्या तर!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा वाटलं, शिकलेली माणसं असंच काहीबाही बोलत असतात.

पुढच्या आठवड्यात तंबूत खाट मांडली गेली. डॉक्टर जंगूला म्हणाला, "त्यांना सांग, मी उजव्या बाजूला सुई टोचून औषध थेट यकृतात सोडणार आहे. गोळीपेक्षा लवकर गुण येईल. काही मोठ्या माणसांनाच देणार." जंगूनं ते जसंच्या तसं सांगितलं. मग लोकांना धीर यावा म्हणून आधी स्वतः खाटेवर झोपला. सुई चांगली लांब होती. डॉक्टरनं श्वास रोखायला सांगितलं, बरगड्यांमध्ये टोचलं, काढलं, आणि पट्टी लावली. जंगू उठून हसला. त्याच्यामागून चैतू, लच्छू, दसरू, आणखी दोघं. कलेजीचा वाटेकरी सुई मारतो म्हटल्यावर कोण विचारणार की त्या सुईत काय आहे?

चैतूला ती सोसली नाही. उजव्या खांद्यात कळ निघाली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर घाबरला, त्याच्या उशाशी बसून राहिला. सोमारी तंबूबाहेर उभी राहून विचारत होती, आणि डॉक्टर आतून म्हणाला, "तिला सांग, औषध जोरात आहे, म्हणून त्रास होतो आहे." जंगूनं सांगितलं. चैतू वाचला, पण त्या हंगामात कुऱ्हाड उचलू शकला नाही. आधी बांबू तोडण्यात कोणी त्याच्या पुढे जात नसे, तो आता दारात बसून दोऱ्या वळू लागला. आणि जो कोणी विचारील त्याला जंगू सांगत राहिला, औषध जोरात होतं.

टेंबेकर शहरात गेला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतला. धानोऱ्याच्या डाकबंगल्यावर उतरला होता. त्यानं जंगूला बोलावणं पाठवलं, आणि मीही योगायोगानं तिथंच होतो. डॉक्टर सणासुदीला पोर खूश असावं तसा खूश होता. खिडकीशी टेबलावर जंतू बघायची दुर्बीण मांडली होती, शेजारी काचपट्ट्या.

"ये, बघ. तुला नाकेदार दाखवतो."

जंगूनं एक डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला काही कळेना, म्हणून मीही पाहिलं. गुलाबी जमिनीत फटी होत्या आणि फटींच्या काठाला फुगीर ठिपके बसलेले. त्यांच्या पोटात काळं काळं, तव्याची काजळी असावी तसं.

"ते काळं म्हणजे जंतूचा कचरा," डॉक्टर म्हणाला. "बघ किती गिळलाय. आता ही दुसरी पट्टी बघ, यात पेशी कशा आवरून बसल्या आहेत. हे कधी गाव न सोडलेल्या माणसाचं."

"अन् हे पहिलं कोनाचं?"

"तुझंच की."

जंगू हसला. त्याला गंमत वाटली. मग हसू हळूहळू थांबलं. "माहं इथी कसं आलं?"

"सुईनं. तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा तुकडा नसतो. यकृत भरून येतं, त्याला पत्ताही लागत नाही."

"सुईतून औषध आत गेलं ना?"

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "औषध नव्हतं त्यात, जंगू. तुकडा काढायची सुई होती ती. तसं सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता. कोणी आलंच नसतं."

"चैतूले जे झालं, ते?"

"आत थोडं रक्त गेलं. होतं कधीकधी."

जंगू टेबलापासून बाजूला झाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "सोमारीले औषध म्हून कोनं सांगितलं? तुमाले तर गोंडी येत नाई."

डॉक्टर काचपट्ट्या आवरू लागला. मीच बोललो, आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. सुई टोचली म्हणून नाही. दुसऱ्याच्या तोंडानं टोचली म्हणून.

जंगूनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. गावात या, आणि हे तुमच्या तोंडानं सांगा. डॉक्टर म्हणाला, "येतो. बाजारानंतर नक्की येतो." त्याचे डोळे ओले होते, त्यामुळे मीही विश्वास ठेवला.

जंगूला मात्र तोवर थांबवेना. गोळ्यांचं काय, ही भीती त्याला होतीच. खरं सांगितलं की लोक गोळ्याही फेकून देतील आणि पावसाळ्यात पोरं पुन्हा तापानं पडतील. पण चैतूच्या दारावरून रोज जायचं आणि गप्प बसायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. संध्याकाळी गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, माणसं जमली तेव्हा त्यानं दोन्ही गोष्टी सांगितल्या. गोळ्या खऱ्या आहेत, त्या सोडू नका. सुई खोटी होती, तिनं दिलं काही नाही, आपल्या आतलं नेलं.

काय झालं ते नंतर नीलाबाईनं मला नवऱ्याकडून उचललेल्या तुटक्या मराठीत सांगितलं. कोणी चिडलं नाही, आरडाओरडा झाला नाही. सोमारी एवढंच म्हणाली, "सुईत औषध आहे, हे तूच सांगितलं. नव्हतं, हेही तूच सांगून राह्यला. डाक्टरानं यातलं कोनतं सांगितलं, आमी कसं समजावं?" मग लच्छू म्हणाला, डॉक्टरनं आमच्या पानावरची कलेजी खाल्ली आहे. दगा केला असता तर त्याचं पोट फुगलं असतं. तो तर बांबूच्या काडीसारखा आहे. मग सगळ्यांनी जंगूच्या पोटाकडे पाहिलं.

जंगूनं नाकेदाराची गोष्ट सांगितली. काठाला बसलेल्या पेशी, त्यांनी गिळलेला काळा कचरा, फुगलेलं यकृत, सगळं. मी स्वतः पाहिलं, म्हणाला. लोकांनी ऐकून घेतलं. पण ती गोष्टही त्याच्याच तोंडून आली होती.

आता त्याची सगळी आशा डॉक्टरवर होती. एका वाक्याचा प्रश्न होता. डॉक्टरनं मान हलवून ते कबूल केलं असतं तरी गावानं ओळखलं असतं, कारण लोकांना भाषा कळत नव्हती तरी चेहरा कळत होता.

डॉक्टर आला. जीपमध्ये मी त्याच्या शेजारी होतो. वाटेत तो म्हणाला, "मी सांगितलं तर ते गोळ्या बंद करतील. पोरं मरतील. तुम्हीच सांगा, खरं बोलून पोरं मारू का?" मी म्हणालो, "गोळ्यांचं जंगूनं सांगितलं आहे, लोक घेऊन राह्यले आहेत. तुमी फक्त सुईचं बोला." त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही, पण पोरांच्या आडून तो आपलं काम आणि नावही वाचवत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

गोटुलासमोर सगळे बसले होते. चैतू भिंतीला टेकून, सोमारी त्याच्याजवळ, मुलगी मांडीवर. जंगू नेहमीसारखा डॉक्टरच्या डाव्या हाताला उभा राहिला. पंचा धुतलेला होता. सोमारीनं प्रश्न विचारला, जंगूनं तो मराठीत केला: "हे विचारून राह्यली, सुईत काय होतं?"

डॉक्टरनं मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग हसला, तेच ऊबदार हसू, आणि म्हणाला, "औषधच होतं. दुसरं काय असणार?"

मी ओरडलो, हा खोटं बोलतो आहे. पण मराठीत ओरडून काय उपयोग? गोंडीत सांगायला गेलो, तर मला हात पुढे करच्या पलीकडे शब्द सुचेनात. दोन बायकांना वाटलं मी देवी टोचायला आलो आहे, त्यांनी पोरं पदराखाली घेतली.

जंगू डॉक्टरकडे बघत होता. त्या जागी दोघांच्या मध्ये फक्त तोच उभा होता. त्यानं गोंडीत काहीही सांगितलं असतं तरी डॉक्टरला कळलं नसतं. "मी तुकडा काढला, मी खोटं बोललो," असं डॉक्टरच्या नावानं तो म्हणू शकला असता, आणि ते खरंही ठरलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सांग, जंगू, सांगून टाक. तो लोकांकडे वळला आणि बोलला. मला भाषा येत नव्हती, पण चैतूनं मान खाली घातली आणि सोमारी मुलीला उचलून उठली, तेव्हा मला कळलं. त्यानं औषधच होतं, असंच सांगितलं होतं.

परतताना डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंस, जंगू. यातच सगळ्यांचं भलं आहे." जंगू म्हणाला, "तुमी बोललात, मी सांगितलं." त्यानं तो हात झटकला नाही. हात आपोआप खाली येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

गोळ्या चालू राहिल्या. पावसाळ्यात कोहकाटोल्यात एकही पोर गेलं नाही. टेंबेकरची बदली झाली, कुठं ते मी विचारलं नाही. नीलाबाई जंगूलाही गोळ्या गिळायला लावायची, तो तिच्या धाकानं गिळायचा. त्याची उजवी बाजू हळूहळू बसली. पुढच्या पारधीपर्यंत पोट सपाट झालं, आणि गावानं ते पाहिलं. लोकांच्या लेखी शिक्षा भोगून झाली होती. वाईट मनाची माणसं नव्हती ती. चैतू आता बरा झाला होता. रानात त्यानं स्वतः पान जंगूपुढे धरलं, आणि जे खोटं जंगू कधी बोललाच नव्हता त्याची माफी सगळ्यांनी मिळून त्याला दिली. मी तिथं होतो. जंगूनं तुकडा घेतला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. नीलाबाईनं चहा ठेवला. मी विचारलं, "कसं आहे, जंगूभाऊ? तब्येत बरी दिसते." तो माझ्याकडे बघून गोंडीत बोलू लागला. बराच वेळ बोलला, सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून. मी नीलाबाईकडे पाहिलं, तिनं नजर चुलीकडे वळवली. जंगू थांबला, माझ्या उत्तराची वाट बघत बसला. त्यानंतर तो मराठी कोणाशीच बोलला नाही, आणि त्या दिवशी तो काय म्हणाला त्यातलं काहीच मला कळलं नाही.